रघुजींच्या राजाची उडी

ही घटना खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली. ऐकीव असती तर तिच्यात मी एखादी अमावास्या आणि ओसाड विहीर घातली असती. पण हे घडलं रविवारी सकाळी, मल्लेश्वरमच्या एका भरलेल्या हॉलमध्ये, बाहेर कॉफीचा वास सुटलेला असताना.

तारीख बारा नोव्हेंबर, १९६१.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आज सत्त्याऐंशीची आहे. बरंच काही विसरले. ही सकाळ विसरले नाही.

आमचं घराणं बेंगळुरात तीनशे वर्षांचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. आई लवकर गेली. अप्पांना अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दिवसा मी शाळेत शिकवायची, तेव्हा शेजारच्या कृष्णाबाई त्यांच्याकडे बघायच्या. रात्र माझी. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या.

तीन वर्षांत मी सलग चार तास झोपले नव्हते.

बुद्धिबळ मला अप्पांनीच शिकवलं. देशी पद्धतीचं. त्यात राजाला एक सवलत असते. शह लागलेला नसेल, तर डावात एकदा त्याला घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. स्पर्धांमध्ये ते चालत नाही. तिथले विलायती नियम मी पुस्तकातून शिकले.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाने शनिवार-रविवारची स्पर्धा ठेवली. पहिले चार जण हैदराबादच्या मंडळाकडे खेळायला जाणार होते. बारा दिवस. जाणं-येणं, राहणं मंडळाकडून. पंच उपेंद्रराव आणि त्यांच्या पत्नी सुलभाबाई सोबत येणार होत्या.

सगळ्यांना वाटलं, मला नाव कमवायचंय.

मला फक्त बारा रात्री हव्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी माझ्यासमोर रघुजी आले. सत्तरीचे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, कोटाच्या खिशात तपकिरीची डबी. होसकोट्याहून बसने आले होते.

"तुम्ही खेळणार माझ्याशी, अक्का?"

"हो."

"मग स्वल्प जपून खेळायला पाहिजे. पोरीशी हरलो तर गावात तोंड दाखवता येणार नाही. जिंकलो तरी येणार नाही."

मला हसू आलं. त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"डोळे लाल झालेत तुमचे. झोप नाही का?"

का कोण जाणे, मी त्यांना अप्पांचं सगळं सांगितलं. तेही खेळायचे, देशीच खेळायचे, हेही सांगितलं. रघुजी नुसते मान हलवत होते.

"अय्यो, देशी खेळणारं कोण उरलंय आता! भेटायला पाहिजे त्यांना एकदा."

डाव चांगला रंगला. तासाभराने मी त्यांचा राजा घेरत आणला. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग राजा उचलला… आणि अडीच घरं दूर नेऊन ठेवला.

शेजारच्या टेबलावर पुण्याचा विद्याधर होता. विमान कारखान्यात नवा इंजिनिअर. तो मोठ्यांदा म्हणाला, "आजोबा, राजाला पंख फुटले की तुमच्या!"

हॉल हसला. रघुजींचे कान लाल झाले.

"चुकलो. सवय आहे हो साठ वर्षांची. शह लागलेला नव्हता, म्हणून हात गेला."

उपेंद्रराव आले. "नियमाप्रमाणे हात लावलेलं मोहरं चालवावं लागतं. आता राजाच हलवायला हवा, एक घर." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पण घरच्यासारखी स्पर्धा आहे. तुमची हरकत नसेल तर दुसरी चाल करू देत. तुम्ही सांगाल तसं."

राजा एक घर हलवला, तर त्यांचा डाव मोडणार होता. ते मला दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं. ही चूक अप्पांनीही अगदी अशीच केली असती, हेही मला कळत होतं.

मी त्या बारा रात्रींचा विचार केला.

"राजाच चालवा," मी म्हणाले.

रघुजींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर बरं झालं असतं.

"सरी," म्हणाले, कन्नडात 'ठीक आहे' म्हणतात तसं, आणि राजा एक घर सरकवला.

सात वाजता हॉल बंद व्हायचा होता. डाव अर्धा राहिला. अशा वेळी ज्याची पाळी असेल त्याने आपली चाल कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करायची. दुसऱ्या दिवशी पंच तो लिफाफा फोडतात आणि डाव पुढे चालू होतो. पाळी रघुजींची होती. त्यांनी लिहिलं, लिफाफा चिकटवला आणि काठी टेकत बससाठी निघून गेले.

रात्री अप्पांना चारदा वळवलं. सकाळी साडेआठला मी हॉलवर हजर.

रघुजी आले नव्हते.

नऊ वाजता उपेंद्ररावांनी लिफाफा फोडला. "घोड्यापुढचं प्यादं एक घर." तशी चाल केली. मी माझी चाल केली आणि घड्याळाची कळ दाबली.

ते घड्याळ दोन तबकड्यांचं असतं. माझी कळ दाबली की माझं थांबतं, समोरच्याचं सुरू होतं. एका वेळी एकच चालतं. समोरचा माणूस तासाभरात आला नाही, तर गुण मला.

मी बसून राहिले. समोर रिकामी खुर्ची.

टिक… टिक… टिक…

साधारण साडेनऊला मला तपकिरीचा वास आला.

मी मान वळवून दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

परत वळले, तर घड्याळाचा आवाज तोच होता… पण आता माझ्या बाजूचं चालत होतं. त्यांचं थांबलं होतं.

आणि पटावर त्यांचा राजा अडीच घरं दूर उभा होता.

"विद्याधर, ही थट्टा तुम्ही केलीत का?"

"मी? इथं माझा हत्ती मरतोय आणि मी थट्टा करत फिरू?" तो खरंच घामाघूम झाला होता.

उपेंद्ररावांनी राजा जागेवर ठेवला, घड्याळ पुन्हा लावलं. "झोपेत तुमचाच हात लागला असेल. जरा तोंड धुऊन या."

मलाही तसंच वाटलं. डोळे इतके जड झाले होते की मी काय करतेय याची मलाच खात्री नव्हती.

तोंड धुऊन आले. बसले. या वेळी पटावरून नजर हलवायची नाही असं ठरवलं. राजाकडे पाहत राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. मग पापणी लवली असेल, तेवढंच.

राजा… अडीच घरं दूर.

 मी गुपचूप राजा परत ठेवला, माझी कळ दाबली. घड्याळ माझ्याकडे ओढलं आणि रघुजींच्या बाजूच्या कळीवर तळहात नुसता झाकून धरला. कळ वर होती. मी ती वरच राहावी म्हणून खालून बोट घातलं.

समोर कुणीतरी घसा खाकरला. अगदी हळू. आपली पाळी आली की खाकरतात तसा.

आणि माझ्या तळहाताखाली कळ खाली गेली.

जोर नव्हता त्यात. थकलेल्या माणसाने दाबावी, तशी ती सावकाश खाली गेली. माझं बोट बाजूला सरलं. मला ते थांबवता आलं नाही.

पटाकडे पाहायचं धाडस माझ्यात नव्हतं. पण राजा कुठे असणार, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात दारात एक चाळिशीचा माणूस आला. डोळे सुजलेले. रघुजींचा पुतण्या, हरी.

"काका रात्री गेले," तो उपेंद्ररावांना म्हणाला. "नऊला घरी आले. जेवले नाहीत. म्हणाले, सकाळी जायचंय, डाव अर्धा आहे. आणि आडवे झाले ते झालेच. तुम्ही वाट बघत बसाल, म्हणून सांगायला आलो."

 विद्याधरने मान खाली घातली.

हरीने मला शोधून काढलं. हॉलमध्ये मी एकटीच बाई होते. "तुम्हीच ना त्या? तुमच्याबद्दल बोलले ते. म्हणाले, त्या अक्काचा हात चांगला आहे, पण बिचारीला झोप नाही."



उपेंद्रराव टेबलापाशी आले. पटाकडे पाहून थबकले. "राजा पुन्हा इथे कसा?"

तेव्हा मी बोलू शकले असते. ही चाल मला मान्य आहे, असं म्हणू शकले असते. डाव बरोबरीत सोडा, म्हणू शकले असते. अर्धा गुण त्यांना गेला असता. मी चौथीऐवजी पाचवी आले असते आणि घरी राहिले असते.

मी राजा उचलला. परत जागेवर ठेवला. आणि पूर्ण गुणाच्या कागदावर सही केली.

मी चौथी आले.

अप्पांच्या रात्रीही कृष्णाबाईंवर सोपवून हैदराबादला निघाले, तेव्हा मनात भीती होती. पटावर काही दिसेल, रात्री काही ऐकू येईल, वाटत होतं. काही झालं नाही. एकदाही नाही. मी डाव हरले, जिंकले, आणि रात्री झोपले. अशी झोप मी जन्मात घेतली नव्हती. सुलभाबाई थट्टेने म्हणायच्या, "पद्मावती, तुला बिछान्यासकट उचलून न्यायला हवं." बारा रात्री मला स्वप्नसुद्धा पडलं नाही.

तेराव्या दिवशी सकाळी घरी आले. कृष्णाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं, थकून गेल्या असतील. पण चेहरा ताजातवाना होता.

"अप्पांनी त्रास दिला का?"

"छे ग! ते सोबतीला होते ना रोज."

"कोण ते?"

"तुझ्या ओळखीचेच म्हणे. साडेनऊच्या सुमाराला यायचे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. दोघं खेळत बसायचे. अप्पा डाव्या हाताने सोंगट्या हलवायचे. राजा घोड्यासारखा उडवायचे आणि हसायचे ग दोघं! अप्पांना हसताना मी तीन वर्षांनी पाहिलं."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"नाव नाही विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, अक्काला ठाऊक आहे. मोठा सज्जन माणूस. फक्त एक विचित्र, कॉफी ठेवली की तशीच राहायची. गार होऊन." त्या तांदूळ पाखडायला लागल्या. "आणि रात्री मला उठावंच लागलं नाही. दोनदा उठून गेले, तर अप्पा आधीच कुशीवर वळलेले. कसे वळत होते कोण जाणे."

मी आत गेले.

अप्पा जागे होते. अंगाला जखम नव्हती, चेहऱ्यावर तकाकी होती. पलंगावर पट मांडलेला, डाव अर्धा. पलंगाशेजारी आमची वेताची खुर्ची ओढून ठेवलेली.

खोलीत तपकिरीचा वास होता.

"अप्पा, मी आले," म्हणत मी त्या खुर्चीवर बसले.

अप्पांचे डोळे मोठे झाले. त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या दंडाला धक्का दिला. एकदा. पुन्हा एकदा. चिडून नाही, ओशाळून. पाहुण्यांसमोर पोराने चुकीचं वागावं आणि बापाला लाज वाटावी, तसं.

ऊठ, असं ते सांगत होते.

मी उठले.

अप्पांनी माझ्या मागे, रिकाम्या खुर्चीकडे पाहून माफी मागितल्यासारखी मान हलवली.

त्यानंतर अप्पा सव्वा वर्ष जगले. त्या खुर्चीवर त्यांनी मला कधी बसू दिलं नाही. दुसरी खुर्ची आणली की हाताने दूर लोटायचे, तिथे जागा नाही असं दाखवायचे. रात्री मी दर दोन तासांनी उठायची, तर ते वळलेले असायचे. तरी मी उठायचीच. माझं काम दुसरं कुणीतरी करतंय आणि मी झोपलेय, हे मला सहन होत नव्हतं.

ते सव्वा वर्ष मी अप्पांच्या पलंगाशी उभीच होते.