पुढील तपासणी

योस्ट ब्राम पहिल्यांदा तपासणीला आला, तेव्हा वाळूचं पोतं नेमकं उंदरांनी कुरतडलेलं होतं.

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या त्या उभ्या चढावरच्या द्राक्षमळ्यांत ट्रॅक्टर कलंडणं काही नवं नव्हतं. इर्मेला थोमेचे बाबा एकदा त्यातून थोडक्यात वाचले, आणि तेव्हाच सीटखाली सेन्सर बसला. ट्रॅक्टर ठरावीक कोनापलीकडे झुकला की तो किंचाळायचा. किंचाळतो ना, हे दर वसंतात तपासनीस येऊन बघायचा. एका बाजूची चाकं जॅकने हळूहळू उचलायची, आणि सीटवर माणसाऐवजी पोतं.

“मीच बसते की,” इर्मेला म्हणाली. “वजन तेवढंच भरेल.”

“पोतं बडबड करत नाही, फ्राउ थोमे.” हसला तो फक्त डोळ्यांनी...

मग दोघांनी अंगणात बसून पोतं शिवलं. जाताना तो टोपी विसरला. पुढल्या वसंतात येऊन बघतो, तर पोत्याच्या डोक्यावर तीच टोपी.

“हे कोण?”

“हेर ब्राम. वर्षभर इथेच असतात. सगळं ऐकून घेतात, उलट बोलत नाहीत.”

टोपी त्याने परत नेलीच नाही.

असे सात वसंत गेले. छाटलेल्या वेलींच्या टोकांतून पाणी ठिबकायचं, उन्हाने तापलेल्या काळ्या दगडांना वास यायचा, आणि सेन्सर ओरडला की दोघं एकदमच दचकायची — ठाऊक असूनही. तरी आपलं ‘तुम्ही’च. इकडे ‘तू’ म्हणायला सुरुवात करायची ती वयाने मोठ्याने, आणि इर्मेला त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. म्हणजे तो तोंड उघडणार नव्हता. तिचा शब्द दर वर्षी ओठांपर्यंत यायचा, तोवर त्याची गाडी फाटकाबाहेर वळलेली असायची.

आठव्या वसंतात तो आल्या आल्याच तिने सांगून टाकलं. “बाबा गेले. चढ एकटीला झेपत नाही. मळा मोडतेय, ट्रॅक्टर पलीकडच्या खोऱ्यात विकलाय. घेणाऱ्यांना तुमचा तपासणीचा कागद हवा, म्हणून बोलावलं.”

तो जॅकने चाकं उचलायला लागला — सावकाश, फारच सावकाश. सेन्सर ओरडला. या वेळी कुणीच दचकलं नाही.

त्याने कागदाची तिची प्रत पुढे केली. सगळे रकाने भरलेले. शेवटचा, ‘पुढील तपासणी’चा, कोरा.

“ही तारीख?”

“ती आता तिकडचा तपासनीस टाकेल.” तो पोत्याकडे बघत होता. “टोपी... नेऊ का?”

इर्मेलाने टोपी काढली, झटकली. पोतं एकाएकी नुसतं पोतं दिसायला लागलं. तिला ते बघवेना.

“लिहा ना काहीतरी,” ती म्हणाली. मग श्वास घेऊन, अगदी हळू — “लिही ना, योस्ट.”

पेन हवेतच थांबलं. त्याचे कान लाल झाले.

“काय म्हणालात?”

“ऐकलंयस तू.”

“तारीख... पुढल्या वसंतातली टाकू?”

“सात वर्षं पोत्याशी बोललेय मी. आता पुरे.”

तो खाली वाकला, आणि तिच्या प्रतीवरच्या त्या कोऱ्या रकान्यात सरकारी वळणाच्या नेटक्या अक्षरात लिहिलं — ‘रविवार, दुपारी चार.’ थोडा थांबला. मग खाली बारीक अक्षरात जोडलं —

‘पोतं चालणार नाही.’