गाडी सोडून द्या

महू नाक्याच्या सिग्नलला माझ्या स्कूटीपुढे एक निळी गाडी उभी होती. सिग्नल हिरवा झाला, इंजिन गरजलं, आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं सरकली. पाठोपाठ वास आला. जळक्या क्लचचा वास मी झोपेतही ओळखते. मी पुढे जाऊन काचेवर टकटक केली.

"भिया, क्लच जळतोय तुमचा!"

काच खाली आली. आत एक गंभीर चेहरा होता, आणि डोळे असे की... पुढचं वाक्य मी विसरले. मी सहसा वाक्यं विसरत नाही. कधीतरी विसरत जा, असं घरचे हात जोडून सांगतात.

"भैया नका म्हणू," तो म्हणाला. "मी मराठी आहे."

"मी पण मराठीच आहे. पण इंदूरमध्ये दूधवाला भिया, कमिशनर भिया... तुम्हीच काय घोडं मारलंय?"

तो हसला नाही. पण मी सुदामा नगरातल्या माझ्या वर्कशॉपचा रस्ता दाखवला, तेव्हा मुकाट्यानं माझ्या मागे आला.

त्याचं नाव यतीन. मूळ साताऱ्याचा, आता आई-बाबांसह इंदूरमध्ये, पीथमपूरच्या एका औषध कंपनीत केमिस्ट. गाडी त्याच्या मोठ्या भावाची, विक्रांतची. विक्रांतनं हौसेनं इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती. क्लच बदलायचा तेवढा राहिला.

"मग भावाला आणायचं ना सोबत," मी म्हटलं.

"ताप आला होता त्याला," यतीन गाडीकडे बघत म्हणाला. "चार दिवस दवाखान्यात होता. पाचव्या दिवशी... गेला."

मी चहा सांगितला. दुसरं काय करणार होते?

त्याला सिरॅमिकचाच क्लच हवा होता. दादा तसं म्हणायचा, म्हणून.

"सिरॅमिक घट्ट धरतो, मान्य," मी म्हटलं. "पण धरतो एकदम. सियागंजच्या गर्दीत गाडी इंच-इंच सरकवाल ना, तेव्हा असे झटके देईल की दात वाजतील. दादांना रेस करायची होती. तुम्ही रोज ड्यूटीवर जाता."

"मग इंजिन पहिल्यासारखं करून टाकू? आई तेच म्हणते." त्याचा आवाज खाली गेला. "बाबा म्हणतात, विकूनच टाक. दारात दिसली की जेवण जात नाही त्यांना."

"नको!" मी इतक्या जोरात म्हटलं की माझी मीच चमकले. "दादांनी केलेलं काहीच काढायचं नाही. साधी प्लेट टाकू, आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट जास्त दमाची घेऊ. इंजिनाचा सगळा जोर झेलेल, आणि गर्दीत गाडी लोण्यासारखी उठेल. पेडल जरासं जड लागेल, बस."

विचार करतो म्हणाला. आणि विचार करायला तो वर्कशॉपमध्येच यायला लागला.

"ही प्लेट काल दाखवली होती मी," एकदा मी म्हटलं.

"हो... पण काल नीट बघितली नव्हती."

"मग आज तरी बघा ना."

तो आजही प्लेटकडे बघत नव्हता. माझ्या हाताला ग्रीस लागलेलं, केस विस्कटलेले, आणि हा माणूस एवढ्या गंभीरपणे माझ्याकडे बघतोय, जणू मी काहीतरी पवित्र काम करतेय. मला हसू येत होतं, आणि त्याच ग्रीसच्या हातानं मी केस सारखे केले.

एका संध्याकाळी मी गाडी वर घेऊन गिअरबॉक्स उतरवला आणि आत पाहिलं. इतके दिवस क्लच घसरून घसरून, तो ज्यावर बसतो ते फ्लायव्हीलही तापून तडकलं होतं. त्याला दाखवलं. तो कितीतरी वेळ त्या तड्याकडे बघत राहिला. त्याचं अजून काही ठरलं नव्हतं, म्हणून मी सगळं परत बसवलं.

"खरं सांगा," तो म्हणाला. "काय करू मी?"

"अरे यार, आता किती ओढणार?" मी म्हटलं. "गाडी सोडून द्या."

"सोडून देऊ?"

"बिल्कुल. सोडून द्या."

तो उभा राहिला. "बरं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला... गाडी घेऊन. मला काही कळेना. बहुतेक उद्या आणून लावेल, असं समजून मी क्लच आणि फ्लायव्हील दोन्ही मागवलं.

तो उद्या आला नाही. परवाही नाही. पुढच्या आठवड्यात माझा पारा चढला. दुसरीकडे गेला असेल! स्वस्तात मिळालं असेल! निळी गाडी दिसली की मान वळायची, आणि वळली म्हणून स्वतःचाच राग यायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याची फार आठवण येत होती.

सामान आलं तेव्हा मी अगदी कोरड्या आवाजात फोन लावला.

"यतीनजी, तुमचा क्लच आलाय. घ्यायचा असेल तर घ्या."

पलीकडून तो म्हणाला, "कशाला आता? गौतमपुऱ्याचा एक जण गाडी न्यायला येतोय उद्या."

"न्यायला? विकली तुम्ही?"

"तुम्हीच म्हणालात ना, सोडून द्या."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. माझे आजोबा पलटणीबरोबर महूला आले, आणि आमची मराठी तेव्हापासून हिंदीच्या शेजारात वाढली. हिंदीत गाडी छोड दो म्हणतात, तेच मी मराठीत म्हटलं होतं.

"अहो, सोडून द्या मतलब... इथे! वर्कशॉपमध्ये! मी काम करते, तुम्ही रिक्षानं घरी जा!"

"त्याला... त्याला ठेवून जा म्हणतात," तो कसाबसा म्हणाला.

"मग विकतोय म्हणून तेव्हाच नाही का सांगायचं? एवढी दादांची गाडी, आणि कुणाला विचारलंही नाही?"

"तुम्हाला विचारलं होतं."

पलीकडे तो रडत होता, आणि इकडे मी.

लगेच वर्कशॉपवर येऊन गौतमपुऱ्याच्या माणसाला त्यानं माझ्यासमोरच नाही म्हणून कळवलं. मग गाडी ठेवून गेला. मी क्लच बसवला. एकेक बोल्ट स्वतः आवळला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

गाडी तयार झाली त्या संध्याकाळी आम्ही दोघं निघालो. "हळू," मी म्हटलं. "नवा क्लच आहे, थोडे दिवस जोर द्यायचा नाही." गर्दीतून गाडी एकही झटका न देता उठली. यतीनचा श्वास मोकळा झालेला ऐकू आला. शहर मागे पडल्यावर त्यानं कडेला गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं होती आणि गार वारा सुटला होता.

"आईचं ऐकलं नाही, बाबांचं ऐकलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही एकदा म्हणालात आणि मी गिऱ्हाईक शोधायला लागलो. तेव्हा कळलं मला, की... तुम्ही जे सांगाल ते मी ऐकणार. हे बरं नाही ना, संबोधी?"

"बिल्कुल बरं नाही. माझी मराठी अशी!"

तो हसला. पहिल्यांदाच. मग म्हणाला, "तरी... सांगा ना काहीतरी."

"तुम्ही मला आवडता," मी म्हटलं. "फार आवडता. आता याचा दुसरा अर्थ काढू नका."

त्यानं माझा हात हातात घेतला. नखांत अजून ग्रीस होतं. मग तो उतरला, फेरा घालून माझ्या बाजूला आला आणि त्यानं दार उघडलं.

"चला. आता तुम्ही चालवा."

मी जाऊन स्टीअरिंगमागे बसले. पाय क्लचपर्यंत पोहोचेना; वर्कशॉपमध्ये मी सीटच्या टोकावर बसून भागवलं होतं. मी सीटखालची कडी चाचपली आणि थबकले, कारण तो माझ्या हाताकडे बघत होता.

"दादा उंच होता," तो हळूच म्हणाला. "सीट त्यानंच लावलीय. मी अजून हलवली नाही."

मी हात मागे घेतला. "राहू दे. तुम्हीच चालवा."

वारा गव्हावरून सळसळत गेला. यतीन खाली वाकला, कडी उचलली, आणि स्वतःच्या हातानं सीट पुढे ओढली.