चोराचा फोन

आमच्या कामात एक जण मालक आणि एक जण चोर लागतोच. भिंतीवरच्या पॅनेलमध्ये छोटे छोटे अँटेना ओळीने बसवलेले आहेत. ते सगळे मिळून बोलणं एकाच जागी पोचवतात. मालकाचा फोन जिथे असेल तिथे शब्द लख्ख, बाकी खोलीभर नुसती खरखर. चोर, म्हणजे चोरून ऐकणारा, जवळ आला की पॅनेल त्याला चुकवतं. ते खरंच चुकवतं का, हे तपासण्यावर आमचं पोट चालतं.

मालक नेहमी माझी बायको व्हायची. भिंतीकडच्या बाकावर ऐसपैस बसायची आणि मी दुसरा फोन कानाला लावून तिच्याभोवती घिरट्या घालायचो. "जरा लांब हो, तेवढीच शांतता," म्हणायची. ती गेल्यापासून त्या बाकावर कुणी बसलेलं नाही. मला तर तिकडे बघवतही नाही.

परवा दुपारी जेवणं उरकल्यावर ताईंनी पॅनेल चालू केलं. ताई आमच्याकडच्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. आम्हा नवराबायकोला हे काम त्यांनीच शिकवलं. मालकाचा फोन अजून कपाटातच होता, बॅटरी काढलेला. तरी मालक कुठे आहे ते दाखवणारी पडद्यावरची रेघ सरकत सरकत बाकापाशी जाऊन थांबली. तिथून पॅनेलला कुणीतरी उत्तर देत होतं.

"बिघाड असेल," ताई म्हणाल्या. त्यांनी सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. रेघ पुन्हा बाकापाशीच.

मी चोराचा फोन उचलून बाकाकडे धावलो. नुसती खरखर. रेघ कोपऱ्यात सरकली होती. मी कोपऱ्यात गेलो, तर ती दारापाशी. वेड्यासारखा खोलीभर फिरलो. मला एक शब्द हवा होता, बायकोच्या आवाजातला, कुठलाही. पॅनेल मलाच चुकवत होतं. शेवटी फोन ताईंच्या हातात दिला आणि पॅनेलशी जाऊन उभा राहिलो. त्या बाकावर बसल्या. रेघ त्यांच्यापाशी आली आणि तिथेच राहिली.

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"तीच आहे रे."

"काय म्हणतेय?"

"पडदे धुवायला काढ म्हणतेय. आणि स्टूल नीट धर, मागच्यासारखं पाडू नकोस."

"कुणाला म्हणतेय?"

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, कुणाला?"

"तुला. तूही आहेस तिथे, नुसता हो हो करतोयस."

मी तर तोंडही उघडलं नव्हतं. मला त्या स्टूल धरणाऱ्याचा हेवा वाटला. घरी बोलवायचो त्या नावाने मी तिला हाक मारली. जिवाच्या आकांताने मारली.

ताईंनी हात वर केला.

"थांबले दोघं."

मी पॅनेलला कान लावला.

"ती विचारतेय, कोण हाक मारतंय?"

"मग?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तू म्हणालास, कोणी नाही गं."

मग ताईंच्या कानातही खरखर सुरू झाली.