भरलेला शेवटचा बाक

वहिनींच्या दारावर पाटी नव्हती, तरी अडलेली माणसं त्यांचा पत्ता बरोबर काढत. त्या सकाळी आलेली मुलगी माहिती तंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होती. वहिनींचे धाकटे दीर, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, यांनी तिला आधी पाणी दिलं. मग ती बोलती झाली.

परीक्षेच्या हॉलमध्ये कोणी कुठे बसायचं, हे ठरवणारा प्रोग्राम तिने वर्षभर खपून लिहिला होता. दुपारी परीक्षक तो बघणार होते. पहिल्या येणाऱ्याला विभागातली शिकवायची एकुलती एक जागा मिळणार होती. आणि आज सकाळी प्रोग्राम चालवला, तर पहिल्याच बाकावर एकाऐवजी दोन विद्यार्थी बसलेले. जुनी प्रत होती, पण ती फारच मागची.

"वर्गातल्या त्या चष्मेवाल्याचंच काम," ती म्हणाली. "माझ्यावर जळतो तो."

"काल प्रोग्राम अगदी निर्दोष होता?" वहिनींनी विचारलं.

मुलीने मान खाली घातली. "एक खोट होती. शेवटचा बाक नेहमी रिकामा राहायचा. का, ते सापडेना. लाज वाटली, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. ताईलाही नाही."

ताई म्हणजे तिची आतेबहीण. एकाच वर्गात, एकाच खोलीत राहणारी. शाळेत कायम पहिली, इथे मात्र दुसरी.

कॉलेजच्या लॅबमध्ये मुलीने दोघांना प्रोग्राम चालवून दाखवला. पडद्यावर हॉलचं चित्र उमटलं. पहिला बाक लाल झाला होता. गुरुजी त्याकडेच बघत चुकचुकले. वहिनींची नजर मात्र ओळीओळीने मागे गेली.

"हॉल कसा गच्च भरलाय," त्या पुटपुटल्या.

गुरुजींना हे कौतुक अस्थानी वाटलं.

लॅबच्या शिपायाने सांगितलं, की सकाळी लवकर दोघंच आली होती, चष्मेवाला आणि ताई, वेगवेगळी. तो स्वतः बटण दाबण्यापलीकडे संगणकाच्या वाटेला जात नसे. मुलीचा पासवर्ड? तो तर अख्ख्या वर्गाला पाठ होता.

चष्मेवाल्याने काही लपवलं नाही. तिचं कौतुक ऐकून त्याचे कान किटले होते. तिचा प्रोग्राम बिघडला हे ऐकून सकाळचा चहा गोड लागला, असंही तो म्हणाला. बोलताना त्याच्या पडद्यावर चुकांच्या इशाऱ्यांची रांग लागली होती.

"हे दुरुस्त नाही करायचं?" वहिनींनी विचारलं.

"चालतंय ना, काकू? मग हात कशाला लावा? दुसऱ्याचं तर मी वाचतही नाही. मला मोडायचं असतं तर सगळं पुसून टाकलं असतं, एका दमात."

गुरुजींनी मनात त्याला दोषी ठरवून टाकलं.

ताई शांत होती. सकाळी स्वतःचंच काम करत होते, म्हणाली. वहिनींशी बोलता बोलता तिची नजर शेजारी बसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीच्या पडद्यावर गेली. तिने हात लांबवून एक ओळ बदलली, आणि पुढचं वाक्य बोलायला लागली. त्या मुलीने विचारलंही नव्हतं. गुरुजींना फार बरं वाटलं. असं एखादं मूल वर्गात असलं, की मास्तरचं निम्मं काम होतं.

वहिनींनी सगळ्यांना मुलीच्या पडद्यापुढे बोलावलं.

"भावजी, पहिला बाक सोडा. शेवटचा बघा."

गुरुजींनी पाहिलं. शेवटच्या बाकावर एक विद्यार्थी व्यवस्थित बसला होता.

"तो तर रिकामा राहायचा," मुलगी हळूच म्हणाली.

"राहायचा. कुणी नुसतं मोडलं असतं, तर आजही राहिला असता. म्हणजे मोडणाऱ्याने आधी तुझी खोट दुरुस्त केली. तू कुणाला सांगितली नव्हतीस, म्हणजे त्याने सगळं वाचून ती स्वतः शोधली. शिपायाला यातलं काही येत नाही. चष्मेवाला स्वतःच्या चुकांनाही हात लावत नाही. मग चूक दिसली की हात आवरत नाही, असं इथे कोण आहे?"

चूक सुधारणारा तो हात गुरुजींनीही पाहिला होता, आणि त्यावर खूश होऊन बसले होते. वहिनींना आधी दिसलं याचा त्यांना किंचित हेवा वाटला.

ताईने नाकारलं नाही.

"लहानपणी मामा हिला म्हणायचा, ताईसारखी हो. आता माझी आई मला रोज म्हणते, हिच्यासारखी हो." तिचा आवाज कोरडा होता. "मोडायलाच बसले होते. पण हिची मोजणी एक बाक आधीच थांबत होती. एवढी साधी चूक. बघवेना."

मग तिने खुर्ची ओढली, बिघडवलेली ओळ शोधून पूर्ववत केली, आणि निघून गेली. मुलीने तिला हाक मारली नाही.

दुपारी वहिनी आणि गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. प्रोग्राम झकास चालला. परीक्षक खूश दिसले. त्यातल्या एकाने विचारलं, "अशा प्रोग्राममध्ये शेवटचा बाक हमखास सुटतो. तुम्ही तो कसा पकडलात?"

चष्मेवाला कान टवकारून बसला होता. त्या जागेसाठी मुलीने वर्ष घातलं होतं.

"मी नाही पकडला," ती म्हणाली. "माझ्याकडून सुटलाच होता. तो माझ्या ताईने भरला."

परीक्षकाने कागदावर काहीतरी खोडलं.

दाराशी हालचाल झाली. ताई तिथे कधीपासून उभी होती, कुणास ठाऊक. ती आत आली, आणि सगळ्यात मागच्या, रिकाम्या बाकावर जाऊन बसली.