मागपेनचा गठ्ठा

विविक्त गणिताच्या तासाला वर्गात आवाज असायचा तो फक्त पेनांचा. पोरं लिहायची, आणि कुणी थांबलं की त्याच्या बोटांतलं पेन बारीक गुणगुणायचं. म्हणजे नोंद झाली. पोरगं इथं अडलं.

या पेनाला विद्यापीठानं मागपेन असं नाव दिलं होतं. उत्तराचं काय, फोनला विचारलं की तो हातावर ठेवतो. म्हणून विद्यापीठानं उत्तराला गुण देणंच बंद केलं. गुण वाटेला. सुरुवात कुठून केली, अडखळलं कुठं, खोडलं काय, पुन्हा कुठून धरलं, हे सगळं मागपेन टिपायचं आणि त्यावरून प्रत्येकाची 'विचारवाट' काढायचं. कल्पना वाईट नव्हती. विद्यापीठात कल्पना चांगल्याच येतात. त्यांची वाट लागते ती आत आल्यावर.

विविक्त गणित म्हणजे सुट्या सुट्या वस्तूंचं गणित. संच, संबंध, जाळी, सिद्धता. संगणकशाखेच्या पहिल्या वर्षाला ते सक्तीचं. त्यात नापास झालं की शाखा गेली, आणि शाखेपाठोपाठ वसतिगृहातली खोली. त्रिशला मेश्रामला ही खोली गेली की वणीकडच्या गावी परतायचं होतं, आणि तिथून दुसऱ्यांदा कुणी तिला पाठवणार नव्हतं. हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

बारावीपर्यंत गणित म्हणजे सूत्र पाठ करा, आकडे भरा. इथं पहिल्याच दिवशी अलोणे सरांनी फळ्यावर लिहिलं, 'दोन सम संख्यांची बेरीज सम असते. सिद्ध करा.' अर्धा वर्ग हसला. दिसतंच आहे की, यात सिद्ध काय करायचं? मग पेनं गुणगुणायला लागली आणि थांबेनात. कुणालाच येईना.

त्रिशला शिकली ती वसतिगृहाच्या जिन्यावर, दारव्ह्याच्या अन्वी गावंडेशी भांडून. एकीनं विधान करायचं, दुसरीनं ते मोडायला बघायचं.

"ही संख्या सम आहे, म्हणून..."

"कोण म्हणते सम आहे? तुह्या आत्यानं सांगतलं काय?"

"अन्वे, मार खाशीन."

"मारून सिद्ध होते काय वं? पुढं सांग."

अशी महिनाभर जुंपली, तेव्हा कुठं सिद्धता म्हणजे काय ते दोघींच्या डोक्यात शिरलं.

सहामाही परीक्षा झाली आणि सगळ्यांच्या फोनवर एक सूचना आली. एकतीस विद्यार्थ्यांची विचारवाट एकच आढळली आहे. मूळ विद्यार्थ्याचे नाव कळवावे, तोवर सर्वांना शून्य गुण. खाली नावं, शेवटी अलोणे सरांची सही. त्रिशलाचं होतं, अन्वीचं होतं, पुसदच्या प्रणित राठोडचंही होतं.

त्या दिवसापासून मेसमध्ये लोक ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसू लागले. कोण कुणाचं नाव देणार? कुणी आधीच दिलंय का? दोघंजण बोलताना दिसले की तिसरा थांबून ऐकायचा. जिन्यावर आता कुणी बसत नव्हतं. अन्वी भेटली की "डोकं दुखून राह्यलं" म्हणून खोलीत जायची.

प्रणितनं एकदा त्रिशलाला नळाजवळ गाठलं. "खरं सांग, माह्या पेपरातून तू उचललं काय?"

"तू काय लिवलं तेच मले माहीत नाई! कसं सोडवलं होतं तू?"

"उलटं मानून. विधान खोटं धरलं, मंग ते सोताशीच भांडलं."

"मी तर पायरी पायरीनं गेली. पहिल्यासाठी खरं, मंग पुढच्यासाठी खरं." त्रिशला थबकली. "आपल्या दोघांच्या वाटेत काहीच सारखं नाई. मंग आपण एका गठ्ठ्यात कसे?"

प्रणित बाटली भरायला लागला. तिला उत्तर रस्त्यातच सापडलं आणि ती तशीच अलोणे सरांच्या खोलीत घुसली.

"सर, पुसद दिग्रसच्या जवळ आहे ना?"

सरांनी चष्मा काढला. "आहे. मग?"

"दिग्रस दारव्ह्याच्या जवळ. दारव्हा यवतमाळच्या जवळ. म्हणून पुसद यवतमाळच्या जवळ होते काय?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तुम्हीच शिकवलं. बरोबरी पुढं सरकते, जवळपणा सरकत नाई. तो संबंध संक्रामक नाई. माही वाट अन्वीसारखी, अन्वीची आणखी कोणासारखी, त्याची प्रणितसारखी. यंत्रानं साखळी धरली अन् सगळ्यायले एकाच दोरीनं बांधलं. हे तुम्हाले दिसलं नाई?"

"दिसलं होतं," सर म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

"अन् तुम्ही सही केली?"

"केली. बस जरा."

ती बसली नाही.

"एकतीस पोरांना विद्यापीठ नापास करत नाही," सर हलक्या आवाजात म्हणाले. "बोंब होते, पालक येतात, फेरपरीक्षा लागते. मी तेवढ्याचीच वाट पाहत होतो. गठ्ठा चुकीचा आहे, पण गठ्ठ्यात कुणाचा जीव जात नाही. तू हे वर नेलंस तर ते यंत्राला जोड्या काढायला लावतील. मग काय निघेल, मला माहीत नाही."

"म्हणजे चूक आहे हे माहीत असून गप्प बसायचं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही तसंच म्हटलं, सर."

तिला वाटलं, हा माणूस आपली खुर्ची सांभाळतोय. मास्तर लोक नेहमी हेच करतात आणि वर त्याला काळजी म्हणतात. तिनं स्वतः परीक्षा समितीपुढे जाऊन गठ्ठ्याची चूक मांडली. समितीला पटली, कारण ती बरोबरच होती. साखळी रद्द झाली. यंत्राला सांगण्यात आलं, की थेट आणि घट्ट साम्य असलेल्या जोड्याच दाखव.

जोडी एकच निघाली. त्रिशला मेश्राम आणि अन्वी गावंडे.

बाकीचे सुटले. प्रणितनं तिला पेढा आणून दिला आणि डोळ्याला डोळा न देता निघून गेला.

समितीनं दोघींना एकेक करून आत बोलावलं. आधी अन्वीला. ती बाहेर आली तेव्हा तिनं त्रिशलाकडे बघितलं नाही. मग त्रिशला. टेबलावर पडदा होता आणि त्यावर दोन नावं. समितीच्या बाई म्हणाल्या, "मूळ जिचं, तिला पूर्ण गुण. दुसरीला शून्य. एका नावावर बोट ठेव."

"दोघींचं आहे, मॅडम. आम्ही भांडून भांडून शिकलो. ते माह्याही डोक्यातलं नाई अन् तिच्याही. मधातलं आहे."

"तसा पर्याय नाही."

"तर मंग तुमचं यंत्र अर्धवट आहे."

"गावंडेनं नाव दिलं आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता तुझं काय ते बघ."

कुणाचं दिलं, हे त्या सांगणार नव्हत्या. त्रिशलाचं बोट पडद्याच्या वर थांबलं. बाई थाप मारत असतील का? पोलीस मारतात तशी? आणि खरं असेल तर? अन्वीनं स्वतःचं नाव दिलं असेल तर आपली खोली गेली. आपलं दिलं असेल तर अन्वी वेडी आहे. तिनं बोट मागं घेतलं, मूठ वळली आणि ती बाहेर आली.

अन्वी पार्किंगजवळच्या कठड्यावर बसली होती.

"कोणाचं नाव घेतलं वं?" तिनं विचारलं.

"कोणाचंच नाई. तू?"

"मी बी नाई."

"त्या बाई तर म्हणत होत्या, तू दिलं."

"मले म्हणत होत्या, तू देशीन."

अन्वीचा चेहरा खरं बोलणाऱ्याचा होता. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा कसा असतो, हे त्रिशलाला या महिन्यात मेसमध्ये चांगलं कळलं होतं, आणि तो अगदी असाच असायचा. आपलाही आत्ता तिला तसाच दिसत असेल.

निकाल संध्याकाळी लागणार होता. कोण खरं बोललं ते तेव्हा कळणारच होतं, आणि कळल्यावर शेजारी बसणं कुणालाही जमतं. पण अजून ऊन होतं, अन्वीनं कठड्यावर थोडं सरकून जागा केली होती, आणि आत्ता बसायचं की नाही, हे कशाच्या आधारावर ठरवायचं?