पिवळीची तहान

पोटात गळ्यापर्यंत पाणी, तरी पिवळी तापायची. हे कोडं काही केल्या केतकीला सुटत नव्हतं.

पिवळी म्हणजे विश्रामआजोबांची पेट्रोलवर चालणारी गाडी. २०६४ साली अख्ख्या वाईत तशी ती एकटीच उरली होती. केतकीची शेवंताआजी परिचारिका होती आणि अडलेल्या बायकांना वस्त्यांवरून दवाखान्यात आणायला तिनेच ही गाडी घेतली होती. आजी जाऊन चार वर्षं झाली होती. आता जुन्या गाड्यांसाठी नवा नियम आला होता. शुक्रवारी न थांबता घाट चढून दाखवायचा, नाही तर गाडी भट्टीत वितळायला द्यायची. आणि पिवळी तर पहिल्याच वळणावर फुसफुसून वाफ सोडत होती.

आजोबांनी कसर ठेवली नव्हती. पंख्याचा पट्टा बदलला, चिरलेला रबरी नळ बदलला. शेवटी हात टेकले आणि गणू नावाचा दुरुस्ती-यंत्रमानव बोलावला. गणूचा सगळा जन्म विजेच्या गाड्यांत गेलेला. पिवळीची चिमुकली बॅटरी पाहून, एवढ्याशा शिदोरीवर ही चालते तरी कशी, असं त्याने दोनदा विचारलं.

पण गडी हुशार होता. त्याने केतकीला सगळं समजावून सांगितलं. पेट्रोल जळतं तेव्हा इंजिन तापतं. भोवती फिरणारं पाणी ती उष्णता उचलून रेडिएटरमध्ये (बारीक नळ्यांच्या जाळीत) नेतं. तिथे वारा उष्णता घेऊन जातो आणि निवलेलं पाणी पुन्हा इंजिनाकडे परततं. मग गणूने उष्णता पाहणारा आपला डोळा जाळीवर रोखला. वरचा भाग लालभडक दिसला, मधला मात्र थंडगार.

थंड म्हणजे बरंच की, असं आजोबांना वाटलं. केतकी मात्र विचारात पडली. गरम पाणी मधल्या नळ्यांत शिरतच नसेल तर? घरच्या पाणी तापवायच्या भांड्यात तळाशी पांढरं कवच धरतं, ते तिला आठवलं.

"आजोबा, पिवळीत पाणी कुठलं घालता?"

"कुठलं म्हंजे? आपल्या हिरीचं. रोज सकाळी तांब्याभर. तुझी आजी म्हणायची, बाई राबती, तिला तहान लागती."

केतकीला उलगडा झाला. तापल्यावर थोडं पाणी रोज वाफ होऊन उडत होतं. पण वाफेबरोबर क्षार (पाण्यात विरघळलेले दगडमातीचे अंश) जात नाहीत. ते मागे राहतात. रोज नवा तांब्या, रोज थोडे नवे क्षार. वर्षानुवर्षं थरावर थर चढून नळ्या बुजल्या होत्या. हे आजोबांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

गणूला तोंडाची अडचण नव्हती. "बिघाडाचं कारण तांब्या," तो म्हणाला.

आजोबा पायरीवर बसले. केतकीला रडू आवरेना. मग आजोबांनी विचारलं, "म्हंजे पाणी उडून गेलं, पर त्यातलं जे हुतं ते हितंच ऱ्हायलं?"

"होय. पहिल्या तांब्यापासूनचं," गणू म्हणाला.

"शेवंतानं घातलेलंबी?"

केतकीने होकारार्थी मान हलवली.

इंजिन पूर्ण निवल्यावरच आजोबांनी झाकण उघडलं, कारण तापलेल्या रेडिएटरमधलं पाणी उसळून अंग भाजतं. तारेने तोंडाजवळची एक पांढरी खपली हलकेच सोडवून त्यांनी चुन्याच्या डबीत ठेवली. मग लिंबूसत्त्वाचं (आंबट आम्लाचं) पाणी आत फिरवलं. क्षार त्यात विरघळले आणि गढूळ पाणी बाहेर आलं. चार वेळा धुतल्यावर शीतक (गंज आणि उकळी रोखणारा द्रव) मिसळलेलं क्षारमुक्त पाणी भरलं.

शुक्रवारी पिवळी घाट चढली. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. माथ्यावर तपासनिसाने पाच वर्षांचा परवाना दिला. पाच वर्षांनी तूच चालवायला शिकशील, असं आजोबा केतकीला म्हणाले.

शनिवारी सकाळी सवयीने ते तांब्या घेऊन पिवळीपाशी आले, थबकले आणि पाणी जास्वंदीला घातलं. मग त्यांनी गाडीच्या पुढच्या काचेजवळ ठेवलेली चुन्याची डबी उघडून केतकीपुढे धरली.

"बघ," ते म्हणाले. "तुझी आजी वाफ हून उडाली न्हाई."