दुसरी सही

सरावकक्षात जोड्या लागून गेल्या होत्या, तेव्हा ती धापा टाकत दारात उभी राहिली. उशिरा येणाऱ्याला निवडीचा अधिकार नसतो, या न्यायाने उरलेला एकमेव जोडीदार तिच्या वाट्याला आला. परिचर्या महाविद्यालयात त्याला सारे 'पूर्णमिनिट' म्हणत. इतर विद्यार्थी पंधरा सेकंद नाडी मोजून चाराने गुणत. हा मात्र साठ सेकंद भरल्याखेरीज मनगट सोडत नसे.

"सोड की आता! हात बधिर झाला माझा."

"नाडी अनियमित असेल, तर पूर्ण मिनिट मोजायची असते."

"माझी अनियमित आहे?"

"मघाशी नव्हती..." घड्याळावरची नजर न काढता तो म्हणाला, "आत्ता झाली."

त्या दिवसापासून तिचे चित्त थाऱ्यावर राहीना. औषधांच्या प्रात्यक्षिकात ती एकदा नापास झालेली. आणखी एकदा झाली, तर वर्ष हातचे जाणार होते. आणि नेमकी आकडेमोड करतानाच तिला आकड्यांऐवजी त्याची बोटे दिसत. जोखमीच्या औषधाचा नियम स्पष्ट होता : दोघांनी एकमेकांचे न पाहता मात्रा काढायची, उत्तरे जुळली की दोघांनी सही करायची, आणि मगच सिरिंज भरायची. तिने सोपी वाट शोधली. त्याचा आकडा हळूच पाहून उतरवू लागली. प्रेमात पडलेल्या माणसाला स्वतःचा आळसही विश्वास वाटतो.

एके दिवशी प्रात्यक्षिक घेणाऱ्या बाईंनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. कुपीतल्या पाच मिलीलिटरमध्ये जेवढे औषध होते, तेवढे त्याने एकाच मिलीलिटरमध्ये धरले होते. तिच्या कागदावरही तीच चूक, तोच आकडा.

"सह्या दोन, डोकं एकच," बाई म्हणाल्या. "नशीब, खाटेवर रबरी बाहुला होता."

जिन्यात त्याने तिला गाठले.

"तू माझं उतरवत होतीस?"

"तुझं चुकत नाही म्हणून..."

"चुकतं! म्हणून तर तू होतीस ना?"

"एवढं काय चिडायचं? भरवसाच ठेवला ना तुझ्यावर?"

"असा नको ठेवूस. माझी चूक धरणारं माणूस हवंय मला — होयबा नको."

आठवडाभर अबोला राहिला. ती पायऱ्या चढताना गुणाकार करी, बसची वाट पाहताना भागाकार. "ताटात बघ गं बाई, आकड्यांनी पोट भरत नाही," आई म्हणे.

परीक्षेत दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा होता. तिने मात्रा काढली : शून्य दशांश बारा. मान वर केली... आणि समोरच्या औषधकपाटाच्या काचेत त्याचा कागद लख्ख दिसला. एक दशांश दोन.

खोडरबर हाताशी होते. परीक्षक खिडकीबाहेर पाहत होत्या. एका आकड्याचा प्रश्न — आणि सबंध वर्षाचा! ती उठली, बसली, पुन्हा उठली.

"मॅडम, मला काचेत त्याचं उत्तर दिसलं. माझं वेगळं आहे. सिरिंज भरायच्या आत आम्हाला पुन्हा काढू द्या."

परीक्षकांनी काचेवर चादर टाकली आणि दोघांना नवे कागद दिले. तिने एकेक पायरी पुन्हा मांडली. भागाकारात एक शून्य गळाले होते — तिचेच. या वेळी उत्तरे जुळली. दोघांच्या सह्या झाल्या.

"आकडा कुणाचाही चुकतो," परीक्षक म्हणाल्या. "जुळत नाही हे तोंडानं सांगणारी माणसं मात्र कमी. पास."

बाहेरच्या बाकावर तो आधीच येऊन बसला होता. त्याने वहीचे एक पान मधोमध फाडून अर्धे तिच्यापुढे धरले.

"अजून एक तपासणी राहिली. एकमेकांचं न पाहता."

"प्रश्न कुठाय?"

"तुला ठाऊक आहे."

ती पाठ फिरवून बसली. तीन महिने भिरभिरणारे मन एका अक्षराशी क्षणभर थांबले, आणि मग तिने झरझर लिहिले.

पाने उलटली. तिच्या पानावर होते : 'हो.'

त्याच्या पानावर : 'हो. तुझं नाही असलं, तरी माझं हेच.'

"तंतोतंत जुळत नाही," ती म्हणाली. "तुझं जरा जास्त आहे."

"मग पुन्हा काढू?"

"नको..." तिने त्याच्या खिशातले पेन काढून घेतले. "सही कुठे करू, ते सांग."